आंगठा कशावर घेतला?

माझ्या मावशीचा आंगठा मी पुष्कळ ठिकाणी पाहिलाय. सावकाराच्या चिठ्ठीवर, रेशनच्या फॉर्मवर आणि एका मोठ्या दवाखान्यातल्या कागदावर. “नवीन औषध हाय, फुकट हाय, लाव आंगठा,” एवढंच तिला सांगितलं. बाकी सगळं इंग्रजीत. मी चौदा वर्षांचा, बाकड्यावर तिच्या शेजारी. मोडकंतोडकं इंग्रजी मला वाचता येत होतं. पण डॉक्टरापुढं हात करून ‘दाखवा’ म्हणायची छाती झाली नाही. पुढं तिच्या अंगावर चट्टे उठले, कान वाजायला लागले. औषधानं की कशानं, ते सांगायला कुणी नव्हतं. ते मला अजून सलतं.

दोस्तांनो, हे एकट्या मावशीचं नाही. क्विनाक्रिन हे मूळ हिवतापाचं औषध. त्याच्या गोळ्या बाईच्या गर्भाशयात सोडल्या की आत दाह होतो, व्रण धरतो, गर्भनलिका बुजतात. ऑपरेशन नको, भूल नको, खर्च नको. व्हिएतनाममध्ये तीस हजारांहून जास्त बायकांच्या पोटात त्या गेल्या. मग १९९४ साली जागतिक आरोग्य संघटना म्हणाली, आधी विषारीपणाच्या तपासण्या पुऱ्या करा, तोवर बायकांवर नको. तरी आपल्याकडं काही डॉक्टर गुपचूप वापरतच होते. बायकांची संघटना आणि जेएनयूतले काही लोक सुप्रीम कोर्टात गेले, तेव्हा कुठं १९९८ मध्ये बंदी आली. बायका कुठल्या? मलबार हिलवरच्या खास नव्हेत.

२००९ साली आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात वसतिगृहातल्या आदिवासी पोरींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस टोचली. लस परवान्याची होती, आणि पोरींच्या मृत्यूंचा तिच्याशी संबंध चौकशीत सिद्ध झाला नाही, हे मी लपवत नाही. पण २०१३ च्या संसदीय समितीच्या अहवालात आंध्रातल्या फॉर्मांची मोजदाद आहे. ९,५४३ फॉर्म. १,९४८ वर आंगठे. २,७६३ वर वॉर्डनची सही. आईबाप जिवंत, आणि पोरीच्या अंगाचा मालक वॉर्डन!

कुणी पांढरपेशा म्हणेल, मग काय प्रयोगच नकोत? नाही बाबा. हाफकिननं १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी, ते म्हणे राजीखुषीनं पुढं आले. तुरुंगातली राजीखुषी! पण निदान सुई आधी त्याच्या अंगात गेली.

प्रयोग करायचा तर प्रयोग आहे म्हणून तोंडावर सांगा. बिघडलं तर कोण भरून देणार, ते सांगा. नाही म्हटलं तरी खाट जाणार नाही, तेही सांगा. २०१९ च्या नियमांत यातलं बरंचसं आहे. पण ते नियम लागतात नोंदवलेल्या चाचणीला. ओपीडीत डॉक्टर नुसतं ‘देऊन बघू’ म्हणतो, त्याची नोंद कुठं? आणि तो बघतो ते कुणाला देऊन?

मावशीचा कागद मागायला मी मध्यंतरी गेलो होतो. जुनं रेकॉर्ड रद्दीत गेलं, म्हणाले.

येत्या रविवारपासून आपल्यातले दोघं-दोघं वॉर्डाबाहेर बसणार आहेत, आंगठा लावायच्या आधी कागद मराठीत वाचून दाखवायला. इंग्रजी येणाऱ्यांनी नावं द्यावीत.