उतारा खरा लिहा!

घोडेगावच्या पोरांना 'उतारा' हा शब्द शिकवावा लागत नाही. आमच्या नेवासा तालुक्यात भेंड्याला आणि सोनईला साखर कारखाने आहेत. उसाची एफआरपी साखर उताऱ्यावर ठरते, म्हणून उतारा कमी दाखवला तर कष्टकऱ्याचं नुकसान होतं हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. मग हीच पोरं बीएस्सीला गेल्यावर रसायनशास्त्राच्या जर्नलात स्वतःचाच उतारा खोटा का लिहितात?

आमच्या वस्तीतल्या एका मुलीचा अनुभव सांगतो. अॅनिलिनपासून अॅसिटॅनिलाइड बनवायचं प्रॅक्टिकल होतं. २ मिली अॅनिलिनपासून हिशोबाने जास्तीत जास्त २.९६ ग्रॅम माल निघतो. तिच्या हाती आला १.५४ ग्रॅम, म्हणजे ५२ टक्के. "तुमच्या लोकांचा हात प्रॅक्टिकलला बसत नाही," असा शेरा मिळाला. वर, जुन्या जर्नलातून ८५ टक्के उतरवून घे, असा सल्ला!

आम्ही विचारतो, उरलेला माल गेला कुठे? तिच्या जातीत गेला का? नाही. तो पाण्यात गेला. माल शुद्ध करताना तिने तो १५० मिली उकळत्या पाण्यात विरघळवला होता. गार झालेल्या १०० मिली पाण्यात सुमारे अर्धा ग्रॅम अॅसिटॅनिलाइड विरघळलेलंच राहतं. म्हणजे पाऊण ग्रॅम, एकूण हिशोबाचा चौथा हिस्सा, गाळलेल्या पाण्याबरोबर बेसिनमध्ये गेला. उकळत्या १०० मिली पाण्यात मात्र सुमारे ५ ग्रॅम मावतं. ३ ग्रॅमला ६० मिली पाणी पुरे होतं.

तिने पुन्हा प्रयोग केला. पाणी मोजून घेतलं, फनेल आधी गरम केलं म्हणजे स्फटिक त्यातच अडकत नाहीत, द्रावण बर्फात ठेवलं आणि शेवटी अगदी थोड्या गार पाण्याने धुतलं. २.२२ ग्रॅम निघाला. ७५ टक्के! हात तोच, मुलगी तीच.

उलटी फसवणूकही ओळखा. कुणाचा उतारा १०५ टक्के आला तर तो हुशार नव्हे, त्याचा माल ओला आहे. ओला कांदा काट्यावर जड भरतो, तसंच हे. पूर्ण वाळवा, मग तोला आणि मेल्टिंग पॉइंट बघा. ११४ अंशांच्या आसपास नेमका वितळला तरच तो शुद्ध माल.

काही कार्यकर्ते म्हणतील, चळवळीचा याच्याशी काय संबंध? बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, तेव्हा कलेबरोबर विज्ञानही ठेवलं होतं. कुणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः तपासा, हे बुद्धांनी कालामांना सांगितलं. खोटे ८५ टक्के लिहिणारा विद्यार्थी तपासणंच सोडून देतो. उद्या औषध कंपनीच्या मुलाखतीत "माल कुठे गेला?" असं विचारलं की तो गप्प बसतो, आणि मग हेच लोक म्हणतात, बघा, यांच्यात गुणवत्ता नाही!

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने प्रयोग करू द्या, चुकला तर पुन्हा करू द्या, आणि गुण आकड्याला न देता घट का आली हे सांगण्याला द्या.

आणि मित्रांनो, तुम्ही ५२ आले तर ५२ च लिहा. खाली कारणही लिहा. त्यात लाज नाही.

जय भीम!