सागरसफर आणि खाखऱ्याचा डबा

ऑस्ट्रेलियाच्या क्रूझवर निघणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या कुटुंबांनी केवळ ‘शाकाहारी’ असे नोंदवू नये; सातगाव पठारावरचा नसला, तरी बटाटा ताटात येतोच. कांदा, लसूण, कंदमुळे वर्ज्य असल्याचे आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे. तेथे ऋतू उलटे. सिडनीत डिसेंबरमध्ये सूर्यास्त रात्री आठच्या सुमारास, जूनमध्ये मात्र पाचच्या आसपास. तेव्हा चौविहार पाळणाऱ्यांनी लवकर भोजनाची सोय आधीच मागून घ्यावी. बंदरावर उतरताना जहाजावरील फळे सोबत नेऊ नयेत. खाखरा, मुखवासदेखील प्रवासी-पत्रकावर नोंदवावा. नोंदवलेला जिन्नस फार तर जप्त होतो; लपवलेल्यावर जबर दंड बसतो. वहीत चढवलेला माल अडचणीत आणत नाही, हे व्यापाऱ्यास वेगळे सांगणे नलगे!