नावापुढचा रकाना
प्रवेशाचे दिवस आले की ट्रॉम्ब्याच्या चिता कॅम्पात झेरॉक्सच्या दुकानांत पोरांची गर्दी. गुणपत्रिका, आधार, जातीचा दाखला, वडिलांचं उत्पन्न, सगळं स्कॅन होऊन दुकानाच्या डेस्कटॉपवर पडतं आणि तिथंच राहतं, कुणीही उघडावं! दुकानदाराला काय बोलणार? एप्रिल २०२३ मध्ये खुद्द एमपीएससीच्या ९० हजारांहून अधिक उमेदवारांची प्रवेशपत्रं टेलिग्रामवर फिरली. वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा त्याच ऑगस्टमध्ये झाला, दंड २५० कोटींपर्यंत; नियमांना मात्र नोव्हेंबर २०२५ उजाडला. अर्ज क्रमांक आणि गुणांवर भागत असताना काही कॉलेजं गुणवत्ता यादीत नावापुढे प्रवर्ग छापून भिंतीला डकवतात. तो नावाचा रकाना काढायला कुठल्या अधिसूचनेची वाट बघायची?