संशोधन आपले, पाने कुणाची?

कोल्हापूर जिल्ह्यातील एखाद्या सड्यावर, पावसाळ्यात जेमतेम काही आठवडे फुलणारी आणि आजवर नोंद नसलेली वनस्पती सापडली, तर तिचा जन्मदाखला कुठे नोंदवायचा? वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता या बाबतीत विलक्षण समदर्शी आहे. नियमानुसार प्रथम प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य. मग ते लंडनच्या नामांकित नियतकालिकात छापलेले असो वा तीनशे प्रतींच्या पत्रिकेत. कालिकत विद्यापीठाच्या परिसरातून निघणारे 'रीडिया' हे वर्गीकरणशास्त्राचे नियतकालिक याच बळावर उभे आहे. भारतीय सपुष्प वनस्पतींचा अभ्यासक जगात कुठेही बसलेला असो, त्याला ते चाळावेच लागते. छोट्या वैज्ञानिक नियतकालिकांचे खरे भांडवल हेच: आपला प्रांत निश्चित करणे आणि त्या प्रांतात अपरिहार्य होणे.

कोल्हापूरला असा प्रांत शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी कंदीलपुष्पासारख्या दुर्मीळ प्रजातीवर आयुष्ये वेचली. प्रा. एस. आर. यादव व सरदेसाई यांचा जिल्ह्याच्या वनसंपदेवरील ग्रंथ २००२ साली विद्यापीठानेच प्रसिद्ध केला. ज्ञान येथे आहे, साहित्य येथे आहे. मग उत्तम शोधनिबंधाला परदेशी शिक्क्याचीच ओढ का?

पूर्वसूरींना तशी ती नव्हती. १९०९ साली सुरू झालेल्या भारतीय गणित संस्थेच्या नियतकालिकाने १९११ साली रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध छापला. त्या संस्थेचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते, हे येथे आवर्जून सांगावयास हवे. रामन यांनी १९२८ साली आपल्या शोधाचा सविस्तर वृत्तांत 'इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये दिला. नियतकालिक अवघे दोन वर्षांचे होते. दोन वर्षांनी नोबेल आले.

अर्थात दोष केवळ परकीय मोहाचा नाही. घरचा कचराही पाहावा लागेल. विद्यापीठांच्या शिफारशीने अनुदान आयोगाच्या यादीत आलेल्या नियतकालिकांचा नमुना पुण्याच्या भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी तपासला, तेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट आढळली. २०१८ च्या मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नावे वगळली. पैसे घेऊन आठ दिवसांत निबंध छापणारी ही दुकानेच होती. त्यांच्यामुळे प्रामाणिक छोटे नियतकालिकही संशयित ठरले. पुढे पुण्यातूनच चालविली गेलेली 'केअर' यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने बंद केली. नियतकालिकाची पारख करण्याचे दायित्व आता विद्यापीठांवर आले आहे, आणि पारख करण्याची सवय तर मोडलेली!

'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेसाठी केंद्राने तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये मंजूर केले. गावोगावच्या महाविद्यालयांना सुमारे १३,००० नियतकालिके वाचावयास मिळावीत, हे स्वागतार्हच. परंतु वाचण्याची सोय आणि लिहिण्याची जागा या दोन गोष्टी भिन्न आहेत. 'नेचर'ने २०२० साली मुक्त प्रकाशनासाठी ९,५०० युरो शुल्क जाहीर केले. निमशहरी महाविद्यालयातील प्राध्यापकाने ते कोठून भरावे?

येथेच छोट्या नियतकालिकाला वाव आहे. लेखकाकडून शुल्क नको. परीक्षक स्वतःच्या विद्यापीठाबाहेरचे हवेत. नकार द्यायचा तर तो महिन्याभरात आणि सकारण द्यावा. वर्षभर निबंध दाबून ठेवणाऱ्या संपादकाकडे लेखक पुन्हा फिरकत नाही. नवख्या संशोधकाचा कच्चा मसुदा हाती धरून सुधारून देणे, हे काम मोठी नियतकालिके सहसा करीत नाहीत. ते जो संपादक करील, त्याला लेखक मिळतील. जुने अंक महाजालावर सर्वांना खुले असावेत, हेही ओघाने आलेच.

एवढे करूनही एक अडचण उरते, आणि ती संपादकांच्या हातातली नाही. ज्येष्ठ प्राध्यापक आपला पहिल्या प्रतीचा निबंध बाहेर धाडतात आणि उरलासुरला घरच्या नियतकालिकाला देतात. विद्यार्थी ते पाहत असतात.