आदिवासी स्त्री : सौंदर्यविषय की सौंदर्यकर्ती?

उल्हासनगरचा इतिहास १९४९ पासून, सिंधी निर्वासितांच्या वसाहतीपासून मोजण्याची प्रथा आहे, अंबरनाथचा, शिवमंदिराच्या शके ९८२ (इ. स. १०६०) च्या शिलालेखापासून. मंदिराच्या भिंतींवरील सुरसुंदरींचे कौतुक अभ्यासकांना नवे नाही. पावसाळ्यात अंबरनाथ-बदलापूरच्या बाजारात शेवळे, कर्टोली घेऊन बसणारी ठाकर वा कातकरी स्त्री मात्र साहित्यात आणि समीक्षेत येते ती बहुधा दोनच रूपांत : निसर्गाच्या कुशीतली मुक्त वनकन्या किंवा शोषणाने पिचलेली मूक देहाकृती. पहिलीचा आस्वाद घ्यायचा, दुसरीची कणव करायची. दोन्हींकडे पाहणारा बाहेरचाच.

मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’पासून (१९५५) रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’पर्यंत (१९७४) मराठी सौंदर्यविचाराने कलेच्या स्वायत्ततेचा, लौकिक-अलौकिकाचा प्रश्न साक्षेपाने हाताळला, सौंदर्य ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी नव्हता. तो दलित समीक्षेने ऐरणीवर आणला. परंतु अनुभवाची अस्सलता हा तिचा निकष आदिवासी स्त्रीला लावला की तिच्या वाट्याला पुन्हा साक्षीदाराचेच काम येते : दुःख तिने सांगावे, सौंदर्याची व्याख्या इतरांनी करावी.

वारली लग्नाचा चौक घ्यावा. तांदळाच्या पिठाने तो लिहितात सवाशिणी. त्यात पालघाट देवीला स्थान देतात. गाणी म्हणत लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाईच. हा चौक केवळ न्याहाळण्यासाठी नसतो, त्याच्याशिवाय लग्न लागत नाही. निर्हेतुक आस्वादाची अट येथे लावली तर चौक कलेबाहेर जातो; चौक कला मानला तर ती अटच मोडते. सत्तरच्या दशकात ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली आणि जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांच्या प्रतिभेने जगभर पोचली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. प्रश्न समीक्षेला आहे : चित्राला चित्रकाराचे नाव मिळाले, तेव्हा चौक लिहिणाऱ्या स्त्रिया ‘परंपरा’ या सामान्यनामात का विरघळल्या? बाई करते तो विधी आणि पुरुष करतो ती कला, हा भेद बाजाराने केला व समीक्षेने तो मुकाट्याने मान्य केला.

बाईपणाचेही तसेच. ठाकर बाईचे गुडघ्यापर्यंत नेसलेले लुगडे नागर नजरेला मोहक वाटते किंवा असभ्य. डोंगर चढणाऱ्या आणि आवणीच्या चिखलात उतरणाऱ्या पायांचा त्यात कोणी विचार करीत नाही. देज वराकडून वधूपक्षाला जाते. विधवेला पुन्हा घर मांडता येते. काही वारली जोडपी आधी संसार थाटतात आणि पैसा जमल्यावर लग्न लावतात. येथे बाईपणाची कसोटी कौमार्यात नाही, कष्टाच्या मोलात आहे.

हा नव्या थाटाचा स्वप्नरंजनवाद, असा आक्षेप येईल. तो तेव्हाच खरा, जेव्हा या समाजातील अंधार लपवला जाईल. देज हे मोल आहे तशी किंमतही आहे. भुताळी ठरवून ज्यांचा छळ होतो त्यांत बायकाच अधिक असतात; २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा झाल्यानंतरही हा प्रश्न संपला असे म्हणता येत नाही. वीटभट्टीवर कातकरी नवराबायको ‘जोडी’ म्हणून राबतात आणि उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर मांडली जाते. चौकाखालचे नाव आणि भट्टीच्या वहीतले नाव, दोन्हीकडे तीच गळते. म्हणूनच सौंदर्याचा प्रश्न हा श्रेयाचा आणि मजुरीचाही प्रश्न आहे.

गडचिरोलीच्या उषाकिरण आत्राम यांच्यासारख्या आदिवासी कवयित्री स्वतः लिहू लागल्या, त्यालाही आता बराच काळ लोटला. त्यांना ‘आदिवासी साहित्य’ या प्रकरणाच्या शेवटी एक परिच्छेद देऊन अभ्यासक्रमाची जबाबदारी संपत नाही. त्यांचे लेखन आणि धवलेरीचे गाणे सौंदर्यशास्त्राच्या तासाला, मर्ढेकर-पाटणकरांच्या शेजारी, सिद्धांत म्हणून वाचावे लागेल. तोवर मराठी सौंदर्यविचाराला सार्वत्रिकतेचा दावा करता येणार नाही.