महिनाभराच्या अंतराने आलेले दोन नियम: गाड्या बदलल्या, मग धुराडी का नाही?

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कोळशावरच्या वीज केंद्रांसाठी नवा नियम काढला. धुरातून बाहेर पडणाऱ्या सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा आली आणि जुन्या केंद्रांना दोन वर्षांची मुदत मिळाली. महिनाभरातच, जानेवारी २०१६ मध्ये, दुसरी घोषणा झाली: गाड्यांसाठी बीएस-५ हा टप्पा गाळून देश १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६ वर जाणार.

दोन्ही उद्योगांची तक्रार सारखीच होती. वेळ कमी, खर्च अफाट, भार शेवटी ग्राहकावरच.

आज पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या इंधनात सल्फरचं प्रमाण दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग आहे, आधी ते ५० होतं. वीज केंद्रांचं काय झालं? जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातल्या सुमारे ७८ टक्के युनिट्सना सल्फर काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच दिली.

गाड्यांच्या बाबतीत काय वेगळं घडलं?

मुदत हलली नाही, एवढंच. मार्च २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने बीएस-३ गाड्यांची विक्री १ एप्रिलपासून बंद केली, तेव्हा कंपन्यांकडे आठ लाखांहून अधिक गाड्या पडून होत्या. शेवटच्या दोन दिवसांत दुचाकींवर मिळालेली घसघशीत सूट आणि शोरूमबाहेरच्या रांगा अनेकांना आठवत असतील. त्या दणक्याने पुढचं काम सोपं केलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोर्टाने बीएस-४ साठीही वाढीव वेळ नाकारला, तेव्हा कंपन्यांना कळून चुकलं की वकिलांवर खर्च करण्यापेक्षा इंजिनिअरवर केलेला बरा. कोरोना लॉकडाऊनमुळे मार्च २०२० मध्ये कोर्टाने थोडी सवलत दिली होती, पण जुलैमध्ये तीही मागे घेतली.

मग तंत्रज्ञान आपोआप आलं. बाईकचा कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. डिझेल गाड्यांना काजळी अडवणारे फिल्टर लागले. ट्रकवाले ज्याला नुसतं ‘युरिया’ म्हणतात ते डीईएफ हायवेवर जागोजागी मिळू लागलं. डिझेल कारसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली.

हे फुकट झालं नाही. दुचाकी काही हजारांनी महागल्या. छोट्या डिझेल इंजिनाचं गणित बसत नाही म्हणून मारुतीने डिझेल कारच बंद केल्या. पण नियमाचा हाच तर उपयोग आहे: जे तंत्रज्ञान धुराची किंमत भरून परवडत नाही, ते बाजारातून जातं.

धुराड्यांचं कुठे अडलं?

वीज केंद्राचा धूर धुणाऱ्या यंत्रणेला एफजीडी म्हणतात. बहुतेक ठिकाणी धुरावर चुनखडीची पूड मिसळलेल्या पाण्याचा फवारा मारला जातो. त्यात सल्फर पकडला जातो आणि जिप्सम तयार होतं, जे सिमेंट कारखान्यांना चालतं. तंत्रज्ञान कित्येक दशकं जुनं आहे, शोध लावायचा प्रश्नच नव्हता.

पण २०१७ ची मुदत २०२२ पर्यंत गेली, मग टप्प्याटप्प्याने २०२४ ते २०२६ झाली, मग २०२७ ते २०२९. प्रत्येक मुदतवाढीने उद्योगाला एकच धडा दिला: थांबणारा फायद्यात. ज्यांनी वेळेत एफजीडी बसवली त्यांची वीज थोडी महागली, आणि स्वस्त वीज आधी उचलण्याच्या आपल्या पद्धतीत ती केंद्रं रांगेत मागे ढकलली गेली.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही. भारतीय कोळशात सल्फर कमी असतो, धुराडी उंच आहेत, एफजीडी चालवायला वीज आणि चुनखडी लागते. नागपूरच्या ‘नीरी’च्या अभ्यासाचाही आधार घेतला गेला. दुसरीकडे, सल्फर डायऑक्साइड हवेत गेल्यावर त्याचे सूक्ष्म सल्फेट कण बनतात आणि ते दूरवर पसरतात, हेही विज्ञानच सांगतं. वाद होऊ शकतो. पण तो २०१५ च्या अधिसूचनेआधी व्हायला हवा होता. नियम करून दहा वर्षं झुलवत ठेवणं हा सगळ्यांत महागडा पर्याय होता: हवा सुधारली नाही आणि ऑर्डरच्या भरवशावर यंत्रं बनवणारे लटकले.

अर्थशास्त्र काय म्हणतं?

हार्वर्डचे मायकेल पोर्टर यांनी १९९१ मध्ये मांडलं की नीट आखलेले कडक पर्यावरण नियम कंपन्यांना नवं शोधायला भाग पाडतात आणि कधीकधी खर्चही भरून निघतो. अनेक अर्थतज्ज्ञांना हे पटलं नाही. फायदा असाच रस्त्यात पडलेला असता तर तो कंपन्यांनी आधीच उचलला नसता का, हा त्यांचा सवाल. आक्षेपात दम आहे. बीएस-६ ने कंपन्यांना श्रीमंत केलं असं कोणी म्हणणार नाही. पण ‘नीट आखलेले’ या दोन शब्दांत बरंच काही आहे.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. तिथे १९९० आधी नव्या केंद्रांना ठरावीक टक्के सल्फर काढणं सक्तीचं होतं. डेव्हिड पॉप या अर्थतज्ज्ञाने पेटंट तपासून दाखवलं की त्या काळातल्या संशोधनाने यंत्रणा स्वस्त झाली, पण ती जास्त सल्फर पकडू लागली नाही. सक्तीपेक्षा जास्त पकडून मिळणार काय होतं? १९९० च्या कायद्याने प्रदूषणाचे परवाने विकता येऊ लागले, वाचवलेल्या प्रत्येक टनाला भाव आला आणि मग जास्त सल्फर पकडणारी यंत्रणाही आली.

भारतात याची चाचणी सुरतमध्ये झाली. २०१९ पासून तिथल्या कापड उद्योगाच्या कारखान्यांना धुरातल्या कणांचे परवाने विकत घेण्या-विकण्याची मुभा मिळाली. धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रं बसली आणि मर्यादा ओलांडणाऱ्यांना दंड लागू झाला. योजनेतल्या कारखान्यांचं प्रदूषण २० ते ३० टक्क्यांनी घटलं, आणि ते कमी करण्याचा खर्च ११ टक्क्यांनी उतरला. कारखाने तेच, बॉयलर तेच. फक्त मोजमाप खरं झालं आणि दंड चुकेना.

वीज केंद्रांपैकी दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतल्या युनिट्सना एफजीडी अजूनही सक्तीची आहे. ही सुमारे ११ टक्के युनिट्स आहेत. साधारण तेवढ्याच आणखी युनिट्सचा, म्हणजे अतिप्रदूषित पट्ट्यांजवळच्या किंवा चंद्रपूरसारख्या हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांजवळच्या केंद्रांचा, निर्णय तज्ज्ञ समिती एकेक करून घेणार आहे. सक्ती असलेल्यांची मुदत ३० डिसेंबर २०२७ ला संपते. यंत्रणा उभारायला दोन वर्षांहून अधिक काळ लागतो. त्यामुळे ऑर्डर गेल्या की पुन्हा मुदतवाढीची वाट पाहणं सुरू आहे, हे निविदांवरूनच कळेल.