हुकूमनाम्यानंतरची पायपीट

हिंदुस्थानातील दावेदाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यानंतर सुरू होतात, असा अभिप्राय प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली नोंदविला होता. दीडशे वर्षांनंतरही तो शिळा झालेला नाही.

माझा एक जुना विद्यार्थी यंत्रांचे सुटे भाग बनवितो. एका बड्या खरेदीदाराकडे त्याची रक्कम थकली. दावा चालला, हुकूमनामा झाला. त्या दिवशी तो पेढे घेऊन घरी आला होता. पुढे दरखास्त दाखल झाली आणि बेलिफ जप्तीचे वॉरंट घेऊन गेला, तेव्हा जागेवर दुसऱ्याच कंपनीची पाटी होती. यंत्रे भाड्याची निघाली, बँकेत शिल्लक किरकोळ.

असे होऊ नये म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ३८, नियम ५ अन्वये निकालापूर्वी जप्तीची तरतूद आहे. मात्र प्रतिवादी हुकूमनामा निष्फळ करण्याच्या हेतूने मालमत्ता विकतो वा हलवितो आहे, हे वादीने दाखवावे लागते. हा अधिकार असाधारण असून, विनातारण येण्याला तारण मिळवून देण्यासाठी तो वापरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली बजावले. ही सावधगिरी अनाठायी नाही. जप्तीच्या धाकाने खोट्या मागण्याही वसूल होतात. पण हिशेबवह्या प्रतिवादीच्याच कपाटात असताना त्याचा हेतू वादीने सिद्ध करावा कसा?

ऋणकोविषयी आपल्या मनात उपजत सहानुभूती आहे, आणि तिला इतिहासाचा आधार आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रे जाळली, ती त्याच कागदांच्या जोरावर जमिनी जात होत्या म्हणून. दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा १८७९ चा कायदा त्यातूनच आला. परंतु व्यापारी व्यवहारात आज पुष्कळदा धनको दुबळा आणि ऋणको बलवान असतो. उधारीवर माल देणारा लहान कारखानदार सावकार नव्हे. बँकेला २००२ च्या कायद्याने दावा न लावता तारण मालमत्तेचा ताबा घेता येतो. याच्याकडे तारणच नसते. लघुउद्योगांसाठी २००६ च्या कायद्यात पंचेचाळीस दिवसांची मुदत आणि बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज आहे खरे. तथापि तेथील निवाडाही वसुलीसाठी अखेर न्यायालयातच न्यावा लागतो. तोवर व्याज कागदावर वाढते, एवढेच.

इंग्लंडमध्ये १९७५ पासून मालमत्ता गोठविण्याचे हुकूम दिले जाऊ लागले. तेथे अर्जदाराकडून नुकसानभरपाईची हमी घेतात, आणि प्रतिवादीकडून मालमत्तेचा तपशील. मला ही दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ साली सांगितले की, दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी. आणि पैशाच्या दाव्यात वादमुद्दे काढण्यापूर्वीच, मागणीच्या रकमेपुरती आपली मालमत्ता शपथेवर जाहीर करावयास प्रतिवादीला सांगता येईल. ‘सांगता येईल’, या शब्दांशी माझे भांडण आहे. २०१५ च्या कायद्याखाली चालणाऱ्या व्यापारी दाव्यांत तरी हे बंधनकारक करावे. यादी दिल्याने प्रामाणिक माणसाचा धंदा थांबत नाही. यादीतले यंत्र पुढे दिसेनासे झाले, तर मात्र ते कोठे गेले हे सांगण्याची जबाबदारी वादीवर न राहता ज्याने ते हलविले त्याच्यावर पडेल.